४ जीबीच्या जुन्या रॅमशेजारी ८ जीबीची नवी रॅम लावताना

आर्वी तालुक्यातल्या एका गावात मी ई-सेवा केंद्र चालवते. जुलै महिन्यात पीक विम्याचे अर्ज भरायला ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसलेली असतात, आणि ब्राउझरचे चार टॅब उघडले की माझा कॉम्प्युटर थांबायचा. "ताई, होऊन राहिलं का?" हा प्रश्न दिवसभर ऐकायचा. आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड, त्यावर ४ जीबीची एकच डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी) रॅम, २४०० स्पीडची. दुसरा स्लॉट रिकामा होता. जुनी काढून टाकायची नाही, तिच्याशेजारी ८ जीबीची लावायची, असं मी ठरवलं.

सगळ्यात आधी कव्हर उघडून जुन्या रॅमवरचं लेबल वाचा. पीसी४ लिहिलं असेल तर डीडीआर४, पीसी३ असेल तर डीडीआर३. इथे तडजोड चालत नाही. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, डीडीआर३ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ला १.२. बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटतो. लॅपटॉपची आखूड रॅम आणि सर्व्हरची रजिस्टर्ड रॅमही साध्या डेस्कटॉपला चालत नाही. सेकंडहँड घेताना हे विचारूनच घ्या. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वर रॅम लावून उपयोग नाही, आधी ६४ बिट टाका.

कंपनी वेगळी असली तरी चालते. स्पीड वेगळा असला तरी चालते, फक्त दोघी मिळून हळू असणारीच्या चालीने चालतात. नागपूरला बर्डीवरून मी ३२०० स्पीडची ८ जीबी आणली, ती माझ्याकडे २४००वरच चालणार हे माहीत होतं, कारण माझा प्रोसेसरही त्यापुढे जात नाही. ४ आणि ८ असं विषम माप लावलं की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही रॅम एकाच वेळी वापरून मिळणारा वेग, मिळत नाही, असं बरेच जण सांगतात. इंटेलच्या बोर्डांवर दोन्हीकडचे ४-४ मिळून ८ जीबी ड्युअल चॅनलने चालतात, उरलेले ४ सिंगलने. म्हणजे जुनी वाया जात नाही.

लावताना वायर काढा, पॉवरचं बटन काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मगच रॅम धरा, तीही कडेने. आमच्याकडे धूळ आणि कापसाची तूस आत फार जाते. स्लॉट ब्रशने झाडा, जुन्या रॅमचे सोनेरी दात खोडरबरने पुसा आणि रबराचा भुगा झटकून टाका. दोन्ही टोकं कट्ट वाजेपर्यंत दाबा. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, मशीन एखादवेळा आपोआप रिस्टार्टही होतं. लगेच बटन बंद करू नका.

आता माझी चूक सांगते. स्क्रीनवर १२ जीबी दिसले आणि मी त्याच दिवशी कामाला बसले. मशीन पळत होतं. तिसऱ्या दिवशी स्कॅन केलेल्या तीन सातबाऱ्यांच्या फाइल उघडेनात. डवरणी सोडून आलेल्या एका काकांना मला पुन्हा बोलवावं लागलं. त्यांचा अर्धा दिवस गेला, तो माझ्यामुळे. म्हणून कळकळीने सांगते, १२ जीबी दिसणं म्हणजे रॅम जुळणं नव्हे.

त्या रात्री मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू केलं. हे फुकट मिळतं. एकेकटी लावल्यावर दोन्ही रॅम स्वच्छ निघाल्या. दोघी मिळून लावल्या की लाल ओळी, म्हणजे एरर. एकही लाल ओळ आली तर ती जोडी जशीच्या तशी वापरायची नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मेमरीचा स्पीड ऑटोवरून २१३३ केला, पुन्हा रात्रभर टेस्ट लावली. मध्ये लाइन गेली तर सुरुवातीपासून करावं लागतं, म्हणून इन्व्हर्टर भरलेला असेल तेव्हाच लावा. सकाळी शून्य एरर होत्या. २४०० आणि २१३३मधला फरक अर्ज भरताना मला तरी जाणवला नाही. स्पीड कमी करूनही एरर येत असती तर मी ८ जीबी एकटीच ठेवली असती.

कव्हरच्या आतून मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: कोणत्या स्लॉटमध्ये कोणती रॅम, आणि "बायोसमध्ये २१३३". बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला आणि लाइन गेली की बायोस सगळं विसरतो, स्पीड परत ऑटोवर जातो आणि २४०० धरतो. तारीख चुकीची दिसली की मी आधी सेल बदलते, २१३३ करते, मगच पहिला अर्ज उघडते.