एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी बागेतील घरटी

दाराच्या चौकटीतील खिळ्याचे रिकामे भोक एखाद्या सकाळी ओल्या मातीने नीट लिंपलेले दिसते, किंवा गुलाबाच्या पानांच्या कडा कोणी कर्कटकाने आखून कापाव्यात तशा अर्धगोल कापलेल्या आढळतात. ही कामे पुष्कळदा अशा मधमाश्यांची असतात, ज्यांना ना पोळे असते ना राणी. मधमाश्यांच्या सुमारे २०,००० ज्ञात जातींपैकी बहुसंख्य जाती अशा एकट्यानेच राहतात. प्रत्येक मादी स्वतः जागा शोधते, स्वतःच पराग गोळा करते, अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडण्यापूर्वीच बहुधा मरून जाते. त्यांच्याकडून मध मिळत नाही. मात्र राखण्यासारखे पोळेच नसल्यामुळे त्या अंगावर धावून येत नाहीत; नरांना नांगीच नसते आणि मादी चिमटीत पकडली किंवा कपड्यात अडकली तरच दंश करते. लहान मुले खेळतात त्या बागेतही त्या निर्धास्तपणे पाळता येतात. ‘पाळणे’ हा शब्द येथे थोडा जास्तच आहे. खरे तर आपण फक्त घर भाड्याने देतो आणि भाडे परागीभवनाच्या रूपाने वसूल करतो.

हे भाडे चांगले असते, आणि त्याचे कारण या माश्यांच्या पराग वाहण्याच्या पद्धतीत आहे. पोळ्यातील मधमाशी परागकण मकरंदाने भिजवून मागच्या पायांवर घट्ट गोळी करून नेते, त्यामुळे त्यातील फारसे कण पुढच्या फुलावर सांडत नाहीत. मातीचे पडदे बांधणारी गवंडी माशी आणि पाने कापणारी पानकापी माशी या दोघी पोटाखालच्या दाट केसांत पराग कोरडाच खोचून नेतात, आणि फुलावर पोट घासत फिरताना तो सहज झडतो. जपानमध्ये सफरचंदाच्या बागांत गवंडी माश्यांचा आणि उत्तर अमेरिकेत लसूणघासाच्या बियाण्यासाठी पानकापी माश्यांचा वापर कित्येक दशके होत आला आहे, तो याच गुणामुळे. टोमॅटो आणि वांग्याची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांचे परागकोश टोकाच्या बारीक छिद्रांतूनच पराग सोडतात. भुंगा किंवा पोटावर निळे पट्टे असलेली माशी फुलाला लोंबकळून पंखांचे स्नायू थरथरवते, तेव्हा मीठदाणीतून मीठ पडावे तसा पराग खाली पडतो. पोळ्यातील मधमाशीला ही युक्ती साधत नाही.

आधी जमिनीकडे पाहावे

घरटे म्हटले की सगळे बांबूकडे धावतात. परंतु एकट्या राहणाऱ्या माश्यांपैकी बहुतेक जाती जमिनीत बिळे करतात. म्हणून सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत उपयुक्त तयारी म्हणजे काहीही न बांधणे. बागेतील एक-दोन चौरस मीटर जागा उघडी ठेवावी. ती उन्हात असावी, पाण्याचा निचरा होणारी असावी, आणि तिच्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन किंवा प्लॅस्टिकचा कागद घालू नये. थोडा उतार असल्यास उत्तम. ती जागा खणू नये, तिच्यावर रोज पाणी सोडू नये. मातीच्या बारीक ढिगाऱ्याच्या मधोमध पेन्सिलीएवढे भोक दिसले, तर ते मुंग्यांचे समजून औषध टाकण्याआधी दहा मिनिटे उन्हात उभे राहावे. परागाने माखलेली माशी आत शिरताना दिसली की प्रश्न सुटतो. अमेरिका खंडातील काही माश्या भोपळ्याच्याच फुलांवर जगतात आणि त्याच वेलांखालच्या मातीत पिल्ले वाढवतात. हंगाम संपल्यावर वाफा खोल खणला की पुढच्या वर्षीची पिढी त्यातच जाते.

बांबूची मोळी

रेडीमेड ‘माशीघरे’ पुष्कळ मिळतात आणि त्यांतील बरीचशी माझ्या मते भिंतीची शोभा वाढवण्यापलीकडे काही करत नाहीत. शंकूची फळे, गवत आणि लाकडाच्या ढलप्या भरलेल्या कप्प्यांत माश्या घर करत नाहीत, तेथे कोळी मात्र आनंदाने राहतात. भोके फार आखूड असतात, कडा खरखरीत असतात, आणि आतून साफ करायची सोय नसते. हा शेवटचा दोष सर्वांत मोठा आहे, त्याकडे पुढे येऊच.

घरी करण्यासाठी वाळलेला बारीक बांबू किंवा बोरू घ्यावा आणि प्रत्येक तुकडा असा कापावा की एका टोकाला गाठ राहील आणि दुसरे टोक उघडे राहील. गाठ म्हणजे नळीची आयती मागची भिंत. दोन्ही बाजूंनी आरपार असलेली नळी माश्या सहसा घेत नाहीत. नळीची लांबी सुमारे १५ सेंटीमीटर असावी, आणि याला एक जैविक कारण आहे. मादी अंडे घालताना ते फलित करायचे की नाही हे ठरवू शकते. फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो. ती माद्यांची अंडी नळीच्या तळाशी आणि नरांची तोंडाजवळ घालते, कारण नर आधी बाहेर पडतात. नळी आखूड असेल तर आतल्या कप्प्यांना जागाच उरत नाही, आणि पुढच्या वर्षी बागेत नरांचीच गर्दी होते.

आतील व्यास ठरवताना सर्वांना एकच माप लावू नये. गवंडी माशीला सुमारे ८ मिलिमीटर, पानकापी माशीला ६ ते ७, तर राळेने घर बंद करणाऱ्या लहान माश्यांना ३ ते ५ मिलिमीटर पुरतात. आपल्या बागेत कोण आहे हे ठाऊक नसताना ३ ते १० मिलिमीटरच्या दरम्यानची मिश्र मोळी बांधणे शहाणपणाचे ठरते. कापलेले तोंड काचपेपरने आतून-बाहेरून गुळगुळीत करावे, कारण बांबूची एक कूस माशीचा पंख फाडायला पुरेशी असते. बांबू नसेल तर चांगल्या वाळलेल्या टणक लाकडाच्या ठोकळ्यात ड्रिलने भोके पाडता येतात. मात्र ती ओंडक्याच्या कापलेल्या गोल तोंडावर पाडू नयेत, तेथे लाकूड तडकते आणि तड्यांतून ओल शिरते. भोके बाजूच्या पृष्ठभागावर पाडून प्रत्येकात कागदाची सुरळी घालावी, म्हणजे हंगामानंतर ती ओढून काढता येते. प्लॅस्टिकचे स्ट्रॉ मी पहिल्या वर्षी हौसेने वापरले होते. आतील दमट हवेला बाहेर पडायला वाट नव्हती, आणि उघडून पाहिले तेव्हा परागाच्या गोळ्यांवर राखाडी बुरशीची लव आली होती. एकही माशी वाचली नव्हती.

वीस ते तीस नळ्यांची मोळी सुतळीने आवळून एका बाजूने उघड्या असलेल्या लाकडी डब्यात किंवा रुंद पाइपच्या तुकड्यात बसवावी, आणि वर असे छप्पर द्यावे की ते नळ्यांच्या तोंडापुढे चार-पाच सेंटीमीटर येईल. शंभर-दोनशे नळ्यांचा एक वाडा उभारण्यापेक्षा अशा लहान मोळ्या बागेत दूर दूर ठेवणे केव्हाही बरे, कारण दाट वस्तीत परजीवी आणि रोग झपाट्याने पसरतात.

जागा आणि शेजार

मोळी एक ते दोन मीटर उंचीवर, भिंतीला किंवा खांबाला घट्ट बांधावी. फांदीला टांगून झुलती ठेवू नये, कारण पराग घेऊन येणाऱ्या माशीला हलत्या दारात उतरता येत नाही. तोंड सकाळच्या उन्हाकडे असावे, म्हणजे माशी लवकर तापून कामाला लागते. जेथे उन्हाळा कडक असतो तेथे दुपारची सावली तितकीच आवश्यक आहे. वळचणीखालची पूर्वेकडील भिंत बहुतेक ठिकाणी चालून जाते. पक्षी नळ्या ओढून काढत असतील तर मोळीपुढे चार-पाच सेंटीमीटर अंतर सोडून मोठ्या छिद्रांची जाळी लावावी. मुंग्यांसाठी खांबाभोवती ग्रीसचा पट्टा पुरतो, मात्र तो नळ्यांच्या तोंडापासून दूर असावा.

एकदा माश्यांनी येणे सुरू केले की मोळी हलवू नये. त्यांना आपले भोक आजूबाजूच्या खुणांवरून सापडते, आणि मोळी एक मीटरभर सरकवली तरी त्या जुन्या जागी घिरट्या घालत राहतात.

यांपैकी बऱ्याच माश्या काही शे मीटरपलीकडे जात नाहीत, लहान जाती तर त्याहूनही जवळ फिरतात. त्यामुळे फुले, पाणी आणि बांधकामाचे साहित्य आसपासच हवे. गवंडी माशीसाठी मोळीपासून काही पावलांवर एका पसरट कुंडीत चिकणमाती ओलसर ठेवावी. वाळू किंवा नुसते कंपोस्ट तिच्या उपयोगाचे नाही, कारण त्याचा पडदा वळत नाही. पानकापी माशीला गुलाबासारखी पातळ, गुळगुळीत पाने लागतात. पाने कापलेली पाहून झाडावर फवारणी करण्याचा मोह आवरावा. झाडाचे त्यात काही बिघडत नाही, फवारलेल्या पानांत गुंडाळलेली अळी मात्र मरते. फुलांच्या बाबतीत महागड्या रोपांची गरज नाही. वाफ्यातील थोडी मोहरी, मुळा, कोथिंबीर आणि बडीशेप उपटून न टाकता फुलू द्यावी, कडेला सूर्यफुले लावावीत, आणि माश्या उडत असतील त्या संपूर्ण काळात काही ना काही फुललेले राहील असे पाहावे. कीटकनाशक टाळता आले तर टाळावेच. विशेषतः झाडाच्या रसात मिसळणारी औषधे परागात आणि मकरंदातही उतरतात, त्यामुळे ती संध्याकाळी फवारली म्हणून निर्धोक होत नाहीत.

येथे एकदा खुर्ची टाकून बसावे. गवंडी माशी नळीत प्रथम डोके पुढे करून शिरते आणि पोटातील मकरंद तळाशी ओकते. मग उलट्या पावली बाहेर येते, दारातच गर्रकन वळते आणि आता पाठीमागून आत सरकते, कारण पोटाखालचा पराग मागच्या पायांनी झाडायचा असतो. अशा पंधरा ते पंचवीस, कधी त्याहूनही अधिक फेऱ्यांनंतर एक गोळा तयार होतो. त्यावर एक अंडे घालून ती मातीचा पडदा ओढते आणि पुढच्या कप्प्याला लागते. शेवटी तोंडावर जाड बूच बसते. पानकापीच्या घराचे बूच हिरव्या चकत्यांचे असते. मातीचे बूच कधी कुंभारमाशीचेही निघते. ती आत पराग नव्हे, तर बधिर केलेल्या अळ्या साठवते. तिला हुसकावू नये, ती भाजीवरच्या अळ्या कमी करते.

हंगामानंतरची साफसफाई

हे काम करायचे नसेल तर मोळी बांधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच नळ्या वर्षानुवर्षे राहिल्या की परागावर जगणारे सूक्ष्म किडे, परजीवी गांधीलमाश्या आणि बुरशी यांची पैदास होते आणि आपण ज्यांना आसरा दिला त्यांच्यासाठीच तो सापळा ठरतो.

ये-जा थांबली की बंद झालेल्या नळ्या हलक्या हाताने काढाव्यात. या काळात धक्का बसला तर कोवळी अळी परागाच्या गोळ्यावरून निसटून उपाशी मरते. त्या बारीक जाळीच्या पिशवीत, तोंड वर करून, सावलीच्या हवेशीर जागी ठेवाव्यात. जाळीमुळे परजीवींना अंडी घालता येत नाहीत.

जेथे खरा हिवाळा असतो तेथे गवंडी माश्या शरद ऋतूच्या अखेरीस कोशात पूर्ण वाढलेल्या असतात. तेव्हा नळ्या चाकूने उभ्या चिरून कोश काढावेत. टणक, तपकिरी कोश चांगला. सुईने टोचल्यासारखे छिद्र असलेला कोश परजीवीने खाल्लेला असतो, आणि कप्प्यात सुटी पिवळी भुकटी वळवळताना दिसली तर ते सूक्ष्म किडे होत. कोश थंड पाण्यात काही मिनिटे हलवून धुवावेत आणि कागदावर सुकवावेत. नंतर भोके पाडलेल्या डब्यात ओलसर फडक्यासह २ ते ४ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवता येतात. फडके नसेल तर फ्रिजची कोरडी हवा त्यांना सुकवून मारते. बागेत फुले उमलली आणि दिवसाचे तापमान १३ अंशांच्या वर स्थिरावले की डबा नव्या मोळीशेजारी उघडावा. पानकापी माशीच्या पानांच्या गुंडाळ्या मात्र उघडू नयेत आणि धुऊही नयेत. त्यात त्या काळी नाजूक अळीच असते.

उष्ण प्रदेशात हे सारे गैरलागू आहे. तेथे वर्षात एकाहून अधिक पिढ्या होऊ शकतात आणि फ्रिज म्हणजे मृत्यू. अशा ठिकाणी बंद झालेल्या जुन्या नळ्या एका अंधाऱ्या खोक्यात ठेवून, खोक्याला सुमारे १० मिलिमीटरचे एकच भोक पाडावे आणि ते नव्या मोळीखाली बसवावे. जन्मलेल्या माश्या उजेडाच्या दिशेने बाहेर पडतात, पण अंधाऱ्या खोक्यात परत न जाता वरच्या स्वच्छ नळ्या घेतात. खोके शांत झाले की आतील जुना बांबू जाळून टाकावा.

पहिल्या वर्षी मोळी रिकामी राहिली म्हणून दूरच्या प्रदेशातून कोश मागवू नयेत. त्यांच्याबरोबर परके रोग आणि परकी जात दोन्ही येऊ शकतात. आसपासच्या माश्यांना जागेचा पत्ता लागायला कधी दुसरे वर्षही उजाडते. पहिले बूच बसलेले दिसले की ती तारीख आणि त्या नळीचा व्यास वहीत लिहून ठेवावा, कारण पुढच्या वर्षी त्याच मापाच्या नळ्या अधिक लागतील आणि मोळी त्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी भिंतीवर असली पाहिजे.