अन्यायी कर्जं अन् बाहेर पळालेला पैसा: हा विषय घेणाऱ्यांसाठी

आपल्या यवतमाळ-वाशीमकडच्या पोरापोरींना कर्ज काय असते ते शिकवावं लागत नाही, सातबाऱ्यावरचा बोजा घरोघरी पाहिलेला असते. अमरावतीला एमए करताना मी गरीब देशांची अन्यायी कर्जं हा विषय घेतला, आता कोणी ना कोणी विचारतेच की सुरुवात कुठून करू, तर हे त्यांच्यासाठी.

थिअरीत जास्त अडकू नका. अलेक्झांडर सॅक या रशियन कायदेपंडितानं 1927 मध्ये मांडलं की लोकांच्या संमतीशिवाय, त्यांच्या हिताविरुद्ध काढलेलं अन् देणाऱ्यालाही हे माहीत असलेलं कर्ज राजवटीचं, लोकांचं नाही. कोर्टात मात्र हे सहजासहजी टिकत नाही.

त्यापेक्षा एकच देश धरा. मी आफ्रिकेतलं मोझांबिक सांगीन. 2013-14 मध्ये तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी ट्यूना मासेमारीच्या, किनाऱ्याच्या सुरक्षेच्या बोटी अशा नावाखाली सुमारे 2 अब्ज डॉलर उचलले, सरकारच्या हमीवर, संसदेला न विचारता, अर्ध्याहून जास्त तर लपवूनच. 2016 ला हे उघडं पडलं, आयएमएफनं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) अन् मदत देणाऱ्या देशांनी हात आखडला, चलन कोसळलं. 2017 च्या ऑडिटात 50 कोटी डॉलर कुठं गेले याचा हिशोबच लागला नाही. ज्यांनी त्या बोटी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्या दवाखान्याचा, शाळेचा पैसा हा, मला आजही वाचताना संताप येते.

मग आकडे, म्हणजे देशातून बाहेर पळालेला पैसा किती ते काढायचं. वर्ल्ड बँकेचा कर्जाचा डेटा फुकट आहे, रात्री नेट बरं चालते तेव्हा उतरवून ठेवा. वर्षभरात वाढलेलं परकीय कर्ज अधिक आलेली परकीय गुंतवणूक, त्यातून चालू खात्याची तूट (बाहेरच्या देशांशी रोजच्या व्यवहारात आलेल्यापेक्षा जास्त गेलेला पैसा) अन् परकीय चलनाच्या गंगाजळीत पडलेली भर वजा करा, जे उरते ते बहुधा देशाबाहेर गेलं. डॉलरचा भाव बदलला तरी कर्ज फुगलेलं दिसते, ते आधी काढा. खोट्या बिलांचा पैसा यात येत नाही, निर्यात कमी दाखवायची अन् फरक परदेशातल्या खात्यात. त्यासाठी दोन्ही देशांचे आकडे यूएन कॉमट्रेडवर (संयुक्त राष्ट्रांचा व्यापाराचा डेटा) जुळवा, फक्त आयातीच्या आकड्यात भाडं-विमा धरलेला असते हे ध्यानात ठेवा.

व्हायवात विचारतेतच, घेतलं तर फेडायला नको का? तेव्हा इक्वेडोर सांगा. त्यांनी 2007 ला ऑडिट कमिशन नेमून कोणतं कर्ज कोणी, कशासाठी काढलं ते तपासलं, 2008 च्या शेवटी काही बाँडचं (कर्जरोख्यांचं) व्याज थांबवलं अन् 2009 मध्ये त्यातले बहुतेक बाँड डॉलरमागे 35 सेंटच्या आसपास परत विकत घेतले.