गाडी चालू होत नाही, मिसिंग करते? सामान बदलण्याआधी या चुका टाळा

"भाऊ, गाडी चालूच नाही होऊन राहिली, लवकर या." विदर्भातलं दारव्हा असो की दर्यापूर, मिस्त्रीला असा फोन रोज येतो, आणि एवढ्यावरून त्याला काहीच कळत नाही. सेल्फ फिरतो का? फिरतो तर जोरात की मरगळल्यासारखा? की नुसतं टक वाजतं? हे न पाहताच लोक आधी बॅटरी बदलतात, मग ठिणगी देणारा प्लग, मग पेट्रोलचा पंप. आपल्याकडे सामान अमरावती नाहीतर अकोल्याहून आणावं लागतं, त्यात दिवस जातो, आणि इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा डब्याबाहेर काढला की दुकानदार सहसा परत घेत नाही. त्यामुळे अंदाजानं पार्ट बदलणं आपल्याला शहरवाल्यांपेक्षा महाग पडतं.

पहिली तपासणी फुकटची आहे. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाला, टक-टक-टक असा आवाज आला, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर. लाइट तसाच राहिला आणि एकच जड टक वाजलं, तर सेल्फ मोटर किंवा तिचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा भाग) पाहा. काहीच वाजलं नाही, तर चावीचा स्विच किंवा रिले (करंट जोडणारा छोटा स्विच). आणि हो, आजकालच्या बऱ्याच गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फच घेत नाहीत. पेडलखाली सरकलेल्या पायपुसणीमुळे क्लच पूर्ण दबत नाही आणि लोक टोचन लावून गाडी गॅरेजला आणतात, असंही होतं.

बॅटरीच्या चुका

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते आणि वरून फडकं मारून लोक समाधान मानतात. खरी घाण क्लॅम्पच्या आत असते. काळी वायर आधी काढा, लाल नंतर. गरम पाण्यात खायचा सोडा घालून दोन्ही क्लॅम्प आतून घासा, कोरडे करा, आणि लावताना काळी शेवटी. बॅटरी बदलण्याआधी इंजिनावर आणि बॉडीवर बसवलेली अर्थिंगची वायरही पाहून घ्या. ती सैल असली तर नवी बॅटरीसुद्धा रडते.

साधा मल्टिमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली पडत असेल तर बॅटरी थकली आहे. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवा. तिथे १२.४ च दिसत असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. नवी बॅटरी टाकली तरी चार दिवसांत तीच गत.

चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात बॅटरीच्या प्लेटा झिजतात आणि पाणी उडतं, पण गाडी तेव्हा कुरकुरत नाही. डिसेंबरच्या पहाटे, ऑइल घट्ट झालेलं असताना, ती दगा देते आणि लोक थंडीला दोष देतात. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला एकदा झाकणं उघडून पाहा. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. बोअरचं पाणी टाकणं ही आपल्या भागातली सर्वात वाईट सवय, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर बॅटरीचा जीवच घेणारी. ज्या पाण्यानं चुन्याचा थर भांड्याला बसतो, तेच पाणी लोक बॅटरीत आणि रेडिएटरमध्ये ओततात! आरओचं चालतं असंही समजू नका, त्यातही क्षार उरतात.

जंप देताना, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून वायर जोडून गाडी चालू करताना, ट्रॅक्टर चालतो, कारण त्याची बॅटरी बहुतेक १२ व्होल्टचीच असते. मोठ्या ट्रकवरून किंवा बसवरून मात्र आधी विचारल्याशिवाय वायर जोडू नका. बऱ्याच ठिकाणी तिथे २४ व्होल्ट असतात आणि गाडीचा कॉम्प्युटर एका झटक्यात जातो. शेवटची काळी वायर उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या कोऱ्या लोखंडावर लावा. बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो, म्हणून ठिणगी तिच्यापासून लांब पडू द्या.

सेल्फ फिरतो, पण गाडी उचलत नाही

सेल्फ जोरात फिरत असेल तर बॅटरीचा विषय संपला. तरी लोक मिनिटभर सेल्फ दाबून धरतात. एका वेळी पाच-सात सेकंद, मग अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ मोटरचं वाइंडिंग जळतं.

आता चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटकडे कान द्या. इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) पेट्रोल गाडीत दोनेक सेकंद 'गूंऽ' असा पंपाचा आवाज येतो. आला नाही तर आधी फ्यूज पाहा, मग पंपाचा रिले. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी लावून पाहायला पैसे लागत नाहीत. रिले ठीक असूनही पंप मुकाच राहिला, तर तिथपर्यंतची वायर पाहा आणि मगच पंपावर संशय घ्या. पंप जळण्यामागे बहुतेकदा आपलीच एक सवय असते: शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकत टाकी कायम तळाला ठेवायची. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. उन्हाळ्यात रिकाम्या टाकीत तो तापतच जातो. चौथा हिस्सा तरी भरलेला ठेवा.

डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर कॉम्प्युटरनं चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून पाहा. त्या स्थितीत पेट्रोल फवारणारे इंजेक्टर खोलून काही हाती लागणार नाही.

गाडी तापल्यावर बंद पडते, झाडाखाली अर्धा तास उभी केली की निमूट चालू होते, अशी तक्रार आली की दुकानदार पंप विकतो. आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरल्याची खबर कॉम्प्युटरला देणारा) तपासून घ्या. गरम झाल्यावर सिग्नल तोडायची त्याची जुनी खोड आहे. कार्बोरेटरवाल्या मारुतीत पंपावर ओला कपडा ठेवायची युक्ती खरी होती, कारण तिथे पेट्रोलची वाफ अडत असे. इंजेक्शनच्या गाडीवर पाणी ओतून फक्त कनेक्टर भिजतात.

मिसिंग

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं आणि इंजिन झटके देणं. अशा वेळी चेक इंजिनचा लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो निकामी होतो. त्याचं बिल प्लगच्या कितीतरी पट असतं. अशी गाडी धक्का मारून चालू करणंही याच कारणानं चुकीचं.

लाइट घालवायला बॅटरीची वायर काढून लावणारे खूप. त्यानं दोष जात नाही, नोंद पुसली जाते, आणि मिस्त्री आंधळा होतो. आधी कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी ०३०० म्हणजे मिसिंग कोणत्याही एका सिलिंडरला धरून नाही. पी ०३०१, ०३०२ म्हणजे पहिला, दुसरा सिलिंडर. पण कोड पाहून थेट कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) मागवू नका, कोड फक्त पत्ता सांगतो. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर ०३०२ आल्यावर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवून या. आता ०३०३ आला तर कॉइल खराब. ०३०२ च राहिला तर प्लगचीही तशीच अदलाबदल करून पाहा. तरीही जागचा हलला नाही, तर इंजेक्टर, त्याची वायर आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहा. चालू इंजिनावर प्लगची कॅप उपटून पाहायची जुनी रीत सोडा. शॉक बसतो आणि इग्निशनचं सर्किटही जळू शकतं.

काढलेला प्लग पाहायला शिका. कोरडा काळा कार्बन म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर उघडा. पेट्रोलनं ओला म्हणजे ठिणगी पडत नाही. तेलकट म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले. चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी तिथूनच पळते आहे; तो प्लग फेका. इरिडियमचा प्लग ब्रशनं घासू नका.

एलपीजी किंवा सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर गाडी ठीक, असं असेल तर लोक किटवाल्याला धरतात. गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते, त्यामुळे थकलेली कॉइल आणि जुना प्लग आधी गॅसवरच उघडे पडतात.

जुन्या ओम्नीत पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरते. रात्री अंधारात सीट उचलून चालू इंजिनाकडे पाहा, हात न लावता. प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या चमकताना दिसल्या तर निदान झालं. वायरी बदलताना एकेक काढा-लावा. क्रम १-३-२ आहे, अदलाबदल झाली तर गाडी फटाके फोडेल.

आणि उंदीर. सोयाबीन निघाल्यावर गोडाऊनजवळ उभ्या गाडीत ते हमखास शिरतात. एअर फिल्टरचा डबा उघडला की आत शेंगांची टरफलं आणि कापसाची गादी. इंजेक्टरची वायर अर्धवट कुरतडलेली असली की खड्ड्यागणिक मिसिंग येते आणि जाते. नुसती टेप गुंडाळू नका, सोल्डरचा डाग देऊन वर स्लीव्ह चढवा.

डिझेल बोलेरोचं थोडक्यात: टाकी कोरडी पडली की एअर धरते, फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढल्याशिवाय सेल्फ मारणं व्यर्थ. फिल्टरच्या तळाचं पाणी पावसाळ्यात काढत जा.

नाल्याच्या पुरात बंद पडलेल्या गाडीला मात्र सेल्फ अजिबात मारू नका, पेट्रोल असो वा डिझेल. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, बॅटरीची काळी वायर सोडा, एअर फिल्टर ओला आहे का पाहा. ओला असेल तर प्लग काढून, डिझेलला हीटर प्लग किंवा इंजेक्टर काढून, इंजिन मिस्त्रीच्या हातानं फिरवून पाणी काढून घ्या. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ते आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय चावी लावायची नाही.