पावसाआधी पल्पच्या ट्रेची सोय बघा (अंडीवाले, डाळिंबवाले, सीताफळवाले सगळ्यांसाठी)

रोहिणी लागल्या की आपलं सगळं डोकं बियाणं आणि खतात, पल्पच्या (म्हणजे कागद-चिपाडाच्या लगद्याच्या) ट्रेचं कुणी बघत नाही, आणि जुलैत माल तयार झाला की मग जो मिळेल तो ट्रे उचलायचा, दमट का असेना. मीपण एका पावसाळ्यात तेच केलं होतं, गाडी पोचेपर्यंत खालचे ट्रे बसले आणि अंड्यांचा चिकटा पार बॉक्सच्या बाहेर. हिशोब साधाय बघा, २१० अंड्यांच्या बॉक्सात ३०-३० चे ७ ट्रे एकावर एक, म्हणजे सगळ्यात खालच्यावर १८० अंड्यांचा भार, ५५ ग्रॅमचं अंडं धरलं तरी जवळपास १० किलो. कोरडा ट्रे हे आरामात पेलतो, दमट नाही पेलत.

का नाही पेलत ते, ट्रे बनतो कसा हे बघितलं की कळतं. रद्दी नाहीतर उसाचं चिपाड पाण्यात घोटून लगदा करतात, आणि तो अगदी पातळ, १०० लिटर पाण्यात साधारण किलोभर तंतू. त्यात जाळीचा साचा बुडवायचा, मागून व्हॅक्युमने पाणी ओढलं की तंतू जाळीवर थर धरून बसतात. साच्यातून काढतानाही त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते ड्रायरमध्ये नाहीतर उन्हात वाळवतात. अंड्याच्या साध्या ट्रेत डिंक वगैरे काही नसतो, वाळताना तंतूच एकमेकांना धरून बसतात, आणि पाणी मिळालं की सोडतात. बस्स, एवढंच.

चिपाडाचं काम जरा जास्त आहे. टनभर ऊस गाळला की २८०-३०० किलो चिपाड निघतं पण त्यात निम्मं पाणी. आतला भुसभुशीत गर चाळून काढावा लागतो, तो लगद्याला कामाचा नाही, बॉयलरला जातो. उरलेले तंतू कॉस्टिक सोड्यात शिजवायचे, धुवायचे, मग लगदा. ह्याच लगद्याच्या जेवणाच्या प्लेटा गरम साच्यात दाबून काढतात म्हणून दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, अंड्याचा ट्रे एका बाजूने खरबरीत. (पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या, प्लेटा होतील का असं बरेच जण विचारतात. नुसतं पाचट दाबून प्लेट होत नाही हो, शिजवणं आलं, त्याचं घाण पाणी आलं. पाचट सरीतच राहू द्या, जाळू पण नका.)

आता कामाचं. छोटे युनिटवाले उन्हात वाळवतात, पाऊस लागला की त्यांचा माल अडतो आणि भाव चढतो, म्हणून मृगाच्या आत दोन महिन्यांचा स्टॉक घेऊन ठेवा. घेताना १० ट्रे वजन करा, दिवसभर कडक उन्हात ठेवा, परत वजन करा, चांगलाच फरक पडला तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. खालच्या फरशीवर थप्पी लावू नका, ओल वर चढते, लाकडी फळ्यांवर लावा आणि भिंतीपासून हातभर लांब. ताडपत्री वरून टाका पण चारी बाजूंनी गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि मग बुरशी.

डाळिंब कोल्ड स्टोरेजमधून काढलं की बाहेरच्या दमट हवेत फळाला घाम येतो, तो आधी पुसला जाऊ द्या, पंख्याखाली वाळू द्या, मगच पल्प ट्रेत भरा.

आणि पोल्ट्रीवाल्यांनो, बाजारातून परत आलेला पल्प ट्रे शेडात घेऊ नका. प्लास्टिकचा धुता येतो, औषधात बुडवता येतो, हा नाही, आणि विष्ठा लागलेल्या ट्रेवरून साल्मोनेला, राणीखेत असा कुठलाही रोग आत येऊ शकतो. चार पैसे वाचतात म्हणून व्यापारी तेच माथी मारतो, सरळ नाही म्हणा. स्वतःच्याच शेडातले फाटके ट्रे असतील तर भिजवून, फाडून शेणाबरोबर खड्ड्यात टाका, अख्खे टाकले तर थप्पीच्या थप्पी तशीच आत राहते, महिन्यांनी उकरलं तरी.