गुण घसरल्यानंतर अमेरिकेतल्या चुरशीच्या कॉलेजांना अर्ज करताना

अमेरिकेत कॉलेजच्या अर्जासोबत हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट जाते. तिच्यात नववीपासूनची प्रत्येक विषयाची श्रेणी (ए सर्वांत वरची, एफ म्हणजे नापास) असते आणि मोजक्याच मुलांना घेणारी कॉलेजं ती वर्षावर्षाने, विषयाविषयाने वाचतात. तेव्हा घसरण झाकण्याचा विचार सोडून द्या. वाचणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: हे कशामुळे झालं, आणि ते थांबलंय का. पहिलीचं उत्तर चार वाक्यांत संपतं. खरी मेहनत दुसरीवर करायची.

आधी ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून घसरण कशी आहे ते ओळखा. एकाच सत्रात सगळे विषय खाली आले असतील, तर बहुधा बाहेरचं कारण असतं: आजारपण, घरात झालेला मृत्यू, शाळा बदलणं. ते सांगता येतं. गणितासारख्या एकाच विषयात सतत सी पडत असेल, तर कारण सांगून भागत नाही. तोच विषय पुढच्या पातळीवर घेऊन चांगला करून दाखवावा लागतो. नववीत ए, दहावीत बी, अकरावीत सी अशी उतरंड सगळ्यांत अवघड, कारण अर्जाआधीचं शेवटचं पूर्ण वर्षच सगळ्यांत कमकुवत दिसतं.

सरासरी वर आणण्याच्या मागे लागू नका, ती फारशी हलत नाही. समजा नववीत ३.९, दहावीत ३.१ आणि अकरावीत ३.९ जीपीए (४.० च्या मापावर श्रेण्यांची सरासरी) आहे, तिन्ही वर्षांची सरासरी ३.६३ येते. बारावीच्या पहिल्या सत्रात थेट ४.० मिळवला तरी ती जेमतेम ३.६९ होते. पण तीच ट्रान्सक्रिप्ट ओळीने वाचणाऱ्याला एक खड्डा आणि त्यानंतर सलग तीन चांगली सत्रं दिसतात. निर्णय फिरतो तो यावर.

म्हणूनच बारावीत विषय हलके करू नका. अवघड गणित सोडून सोपा विषय घेतला आणि ए मिळवला, तर घसरण थांबल्याचं सिद्ध होत नाही, फक्त चढ संपल्याचं दिसतं. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि परकीय भाषा हे पाचही चालू ठेवा, आणि ज्या विषयात घसरलात त्यात पुढची पायरी घ्या. उलट टोकही घातक आहे: भरपाई म्हणून सहा एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) घेऊन त्यात बी-सी आणण्यापेक्षा तीन-चार नीट पेलणं चांगलं. घसरलेल्याच विषयाच्या एपी परीक्षेत पाचपैकी ४ किंवा ५ मिळाले, तर त्याहून थेट पुरावा नाही. ही परीक्षा मे महिन्यात होते आणि निकाल जुलैत लागतो, म्हणजे अकरावीत दिलेली परीक्षा अर्जात वेळेवर दाखवता येते.

आता स्पष्टीकरण. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांसाठी एकच असलेल्या ऑनलाइन अर्जात) अडचणी सांगण्यासाठी २५० शब्दांची वेगळी जागा आहे. शिवाय अतिरिक्त माहितीची जागा आहे, तिची मर्यादा २०२५-२६ पासून ६५० वरून ३०० शब्दांवर आली. लिहायचं यांतल्या एकाच ठिकाणी, आणि मर्यादा आहे म्हणून ती भरायची नाही. १०० शब्द पुष्कळ झाले. क्रम असा: केव्हा, काय झालं, अभ्यासावर कसा परिणाम झाला, तुम्ही काय केलं, आता काय स्थिती आहे. उदाहरणार्थ: ‘दहावीच्या दुसऱ्या सत्रात वडिलांवर शस्त्रक्रिया झाली आणि तीन महिने दुपारी घरी धाकट्या भावाची जबाबदारी माझ्यावर होती. रसायनशास्त्र आणि इतिहासात मला सी मिळाले. उन्हाळ्यात मी रसायनशास्त्राची उजळणी केली, अकरावीत एपी रसायनशास्त्र घेतलं आणि दोन्ही सत्रांत ए मिळवला.’ शिक्षकांवर ठपका नाही, क्षमायाचना नाही, विशेषणं नाहीत. कारण मानसिक आरोग्याचं असेल, तर निदानाचे तपशील देण्याची सक्ती नाही. उपचार घेतले आणि आता नियमित वर्ग करतो, एवढं बोलकं असतं. सांगण्यासारखं कारण नसेल, तर ओढूनताणून शोधू नका. तेव्हा श्रेण्यांनाच बोलू द्या.

मुख्य निबंध मात्र गुणांवर खर्च करू नये असं आमचं ठाम मत आहे. तिथे माणूस दिसायला हवा, आणि घसरणीवर निबंध लिहिला की अर्जातली सर्वांत कच्ची बाजूच सर्वांत मोठी दिसते.

तुमच्यापेक्षा काउन्सेलरच्या, म्हणजे शाळेतल्या सल्लागाराच्या, तोंडून कारण आलं, तर त्याला जास्त वजन येतं. सरकारी शाळांत एका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात, त्यामुळे अकरावी संपण्याआधीच भेटा आणि तारखांसह एका पानाचं टिपण हातात द्या. शिफारसपत्रासाठी ज्यांच्या वर्गात तुम्ही सावरलात, ते शिक्षक निवडा. सहज ए देणारे नव्हेत.

अर्ज कोणत्या फेरीत करायचा, हे घसरण केव्हा झाली त्यावर ठरतं. अर्ली डिसिजनची, म्हणजे लवकरच्या फेरीची, मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते, तोवर बारावीचं पहिलं सत्र पूर्ण झालेलं नसतं. घसरण दहावीतली आणि अकरावी स्वच्छ असेल, तर लवकर अर्ज करायला हरकत नाही. फक्त तो बांधील असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, हे विसरू नका. घसरण अकरावीतली असेल, तर जानेवारीच्या आसपासची नियमित फेरी बरी, कारण तिथे मिड-इयर रिपोर्टमधून, म्हणजे शाळेने वर्षाच्या मध्यावर पाठवलेल्या अहवालातून, नव्या श्रेण्या पोहोचतात.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे नियम वेगळे आहेत, आणि नववीत घसरलेल्यांना ते सोयीचे पडतात. जीपीए नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या विषयांवर काढला जातो. डी किंवा एफ मिळालेला विषय पुन्हा करून सी किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळवता येते. सी मिळालेला विषय पुन्हा करून जीपीए वाढत नाही. एसएटी-एसीटी या प्रवेशासाठीच्या परीक्षांचे गुण प्रवेशासाठी पाहिलेच जात नाहीत. याउलट एमआयटी २०२२ पासून ते पुन्हा सक्तीने मागते, तेव्हा यादी करतानाच हे तपासा.

यादीसाठी प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट (कॉलेजने स्वतः प्रसिद्ध केलेली ठरावीक नमुन्यातली माहिती) उघडा आणि सी-७ हा तक्ता बघा. जीपीए, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रं यांना ते कॉलेज किती महत्त्व देतं, ते तिथे लिहिलेलं असतं. जिथे काठिण्यपातळी आणि शिफारसपत्रं ‘अत्यंत महत्त्वाची’ आहेत, तिथे सावरलेल्या विद्यार्थ्याला वाव जास्त. जिथे जीपीएचा ठरावीक उंबरठा आहे, तिथे स्पष्टीकरण फारसं चालत नाही.

प्रवेश मिळाल्यावरही बारावीची अंतिम ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडे जाते. आधी घसरलेल्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या सत्रात पुन्हा डी दिसला, तर दिलेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो. एखादा विषय हातातून निसटतोय असं मार्चमध्ये वाटलं, तर जूनची वाट न पाहता प्रवेश विभागाला स्वतःहून कळवा.