एकाच पानाचे दहा पत्ते: यूआरएल पॅरामीटर कसे आवरावेत

वेबपानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) प्रश्नचिन्हानंतर येतो तो पॅरामीटर. मजकूर तोच, पत्ते मात्र अनेक. मोठ्या साइटवर क्रॉलर, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, त्यातच अडकतो आणि नवी पानं मागे पडतात.

साइटमालकांसाठीच्या गूगल सर्च कन्सोलमध्ये कोणती पानं गूगलच्या यादीत (इंडेक्समध्ये) आहेत ते दाखवणारा इंडेक्सिंग अहवाल असतो; त्यात असे पत्ते आधी शोधा. गूगलचं जुनं पॅरामीटर टूल 2022 मध्ये बंद झालं, त्यामुळे काम आपल्यालाच करायचंय. पानाच्या एचटीएमएल कोडमधल्या हेड भागात कॅनॉनिकल टॅग, म्हणजे मुख्य पत्ता कोणता ते सांगणारी खूण, टाका, त्यात पॅरामीटर नसलेला पूर्ण पत्ता द्या. साइटमॅपमध्ये (सर्च इंजिनला दिलेल्या पानांच्या यादीत) आणि अंतर्गत लिंकांमध्येही तोच पत्ता वापरा. यूटीएम खुणा, म्हणजे वाचक कुठून आला ते मोजणारे पॅरामीटर, फक्त बाहेरून येणाऱ्या लिंकांना लावा. आतल्या लिंकांना लावल्या तर अॅनालिटिक्समधला मूळ स्रोतही पुसला जातो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रोबोट्स फाइलमध्ये (robots.txt), म्हणजे क्रॉलरने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये. तिथे पत्ता अडवला की क्रॉलर पान उघडतच नाही, मग त्यावरचा कॅनॉनिकल किंवा नोइंडेक्स (पान इंडेक्समध्ये घेऊ नका असं सांगणारा) टॅग त्याला दिसणार कसा? अडवणं किंवा टॅग, दोन्हींपैकी एकच निवडा. पत्ते आधीच इंडेक्समध्ये असतील तर अडवू नका.

पान क्रमांकाचा पॅरामीटर मात्र वेगळा: तिथे मजकूर बदलतो, म्हणून प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल स्वतःकडेच ठेवा.