वॉकेड नव्हे, वॉक्ट : मुलांना इंग्रजी भूतकाळाची शेपटी कशी शिकवावी

घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं पोर मोबाइल बघून बघून फाडफाड इंग्रजी बोलतं. पण त्याला मोठ्याने वाचायला बसवा, की सुरू होतं : ही वॉकेड, शी लाफेड, दे जंपेड. डोळ्यांना शेवटी ई-डी दिसतात आणि तोंड इमानदारीत 'एड' म्हणून मोकळं होतं. ठाण्यात शिकवण्यांचा तोटा नाही, पण हे काम घरच्या घरी होण्यासारखं आहे, आणि त्यासाठी आईबाबांचं इंग्रजी भारी असायचीही गरज नाही. मराठी वर्णमाला आली म्हणजे झालं.

सुरुवातीला पुस्तक मिटून ठेवा. हा कानाचा मामला आहे, स्पेलिंग मागाहून.

मुलाला तळहात गळ्यावर ठेवायला सांगा आणि लांबलचक 'स्स्स' म्हणायला लावा. गळा गप्प राहतो. आता 'जरा'मधला ज तसाच ताणून म्हणायला सांगा. हाताला गुणगुण जाणवते. सगळा नियम या गुणगुणीत आहे. क्रियापदाचा शेवटचा आवाज गळा गप्प ठेवणारा असेल, तर शेपटी 'ट' होते : पॅक्ट, स्टॉप्ट, किस्ट, वॉश्ट. गळा गुणगुणत असेल तर 'ड' : हग्ड, रब्ड, प्लॅन्ड, कॉल्ड. स्वर तर गुणगुणतातच, म्हणून प्लेड, क्राइड.

क आणि प मात्र 'स'सारखे ताणता येत नाहीत, तिथे गळ्याची परीक्षा फसते. मग आपली वर्णमाला कामाला येते. प्रत्येक वर्गातली पहिली दोन अक्षरं कठोर, तिसरं-चौथं मृदू, हे आपण शाळेत घोकलेलं आहे. क, च, प, फ आणि जोडीला स, श : यांच्यानंतर ट. ग, ज, ब, व्ह, म, न, ल, र यांच्यानंतर ड. आपद् अधिक काल म्हणजे आपत्काल, वाक् अधिक विहार म्हणजे वाग्विहार, ती व्यंजनसंधी आठवते ना? खेळ तोच आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे पुढचं अक्षर मागच्याला आपल्या बाजूला ओढतं आणि इथे मागचं पुढच्याला.

राहता राहिले ट आणि ड. नॉड किंवा चॅट या शब्दांना नुसता ड चिकटवून बघा, जीभ अडकते. म्हणून मध्ये एक छोटा स्वर येतो : नॉडिड, चॅटिड, वॉन्टिड, नीडिड. स्वर फक्त इथेच.

आता एका कागदावर तीन रकाने आखा : ट, ड, इड. तुम्ही साधं क्रियापद म्हणा, मुलाने भूतकाळ म्हणून तो योग्य रकान्यात टाकायचा. शब्द लहान घ्या : हॉप, स्किप, बेग, पॅट, फिक्स, रेन, मिस. मध्येच 'लाफ' टाका. स्पेलिंगच्या शेवटी जी-एच आहे, पण कानाला फ ऐकू येतो, म्हणून लाफ्ट. 'यूज'च्या स्पेलिंगमध्ये एस आहे, आवाज मात्र 'जरा'तल्या जचा, म्हणून यूज्ड. अक्षर नाही, आवाज बघायचा, हे या दोन शब्दांत पक्कं होतं.

पटत नसेल तर पुरावा द्या. 'मिस्ड' आणि धुकं या अर्थाचा 'मिस्ट' इंग्रज सारखेच म्हणतात. अंदाज केला तो 'गेस्ड' आणि घरी आलेला 'गेस्ट' यांचंही तेच.

जोडाक्षर जड जात असेल तर पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडा. 'स्टॉप्ट' सुटं म्हणायला अवघड, पण 'स्टॉप्ट ॲट ऐरोली' म्हणताना ट पुढच्या शब्दावर उडी मारतो : स्टॉप-टॅट. तीन-चारदा झालं की जीभ वळते.

मूल हुशार असेल तर विचारेल, मग ई लिहितात कशाला? कारण एके काळी तो खरोखर म्हणत असत. १७१२ मध्ये 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्ट कुरकुरत होता, की लोक 'डिस्टर्ब्ड', 'रिब्यूक्ड' यांतला स्वर गिळतात आणि भाषा कर्कश होते. त्याचं कोणी ऐकलं नाही. जुना उच्चार काही विशेषणांत टिकला : विद्वान या अर्थी लर्निड, वयोवृद्ध या अर्थी एजिड. 'विकिड' आणि 'नेकिड' हेही त्याच वळणाचे.

कान तयार झाला की स्पेलिंग. लहान शब्दात एकच स्वर आणि शेवटी एकच व्यंजन असेल तर ते व्यंजन दुप्पट : एच-ओ-पी, म्हणजे लंगडी घालणं, याचं डबल पी. एक पी गाळला की 'आशा केली' असा अर्थ होतो. डब्ल्यू, एक्स आणि वाय कधी दुप्पट होत नाहीत. जंपमध्ये शेवटी दोन व्यंजनं आहेत आणि रेनमध्ये दोन स्वर, त्यांनाही दुपटीची गरज नाही.

फेड, लेड, ब्लेड, फ्लेड हे शब्द मात्र या रकान्यांत घुसवू नका. शेवटी ई-डी दिसले तरी ही शेपटी नव्हे. फीड, लीड, ब्लीड, फ्ली यांचा लांब स्वर आखडून ते झालेत आणि त्यांचा 'एड' मोकळ्या तोंडाने म्हणायचा. कट, पुट, हिट तर भूतकाळात बदलतच नाहीत. हे सगळे पाठच करायचे.

शेवटची तालीम ठाण्याच्याच गोष्टीवर घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी १४ डबे आणि सुमारे ४०० प्रवासी घेऊन ठाण्याला आली. मुलाला इंग्रजीत सांगू दे : द ट्रेन स्टार्टिड फ्रॉम बोरीबंदर, थ्री एंजिन्स पुल्ड इट, इट रीच्ट ठाणे. तिन्ही रकाने एका दमात येतात.

आणि शाळेत बाईच 'आस्केड' म्हणत असतील, तर मुलाला वर्गात त्यांची चूक काढायला पाठवू नका. घरी आस्क्ट म्हणा. तेही जड गेलं तर घाईत बोलताना बरेच इंग्रज त्यातला क गाळून आस्ट म्हणतात, तेवढंही चालतं.